वळूची निवड आणि गाईची प्रजननक्षमता : खिलार व कृष्णाकाठच्या गोवंशाचा प्रश्न

कृष्णातीर (वाळवा, जि. सांगली)

आपल्याकडे पैदाशीचा वळू निवडताना रंग, शिंगांची ठेवण, वशिंड, पायांची चपळाई आणि अलीकडे शर्यतीतील नाव पाहिले जाते. त्याची आई किती वर्षांची असताना पहिल्यांदा व्याली, तिच्या दोन वेतांमध्ये किती महिने गेले आणि त्याच्या पोटच्या कालवडी पहिल्या माजाला केव्हा आल्या, हे विचारणारा शेतकरी क्वचितच भेटतो. खिलार कालवड व्यायला चार वर्षे उलटून जातात, एकदा व्यालेली गाय पुढच्या वेतासाठी सव्वा-दीड वर्ष घेते, आणि ‘खिलारचे असेच असते’ असे म्हणून आपण तो विषय मिटवतो. यातील मोठा भाग चारा, पाणी आणि निगराणीचा आहे हे मान्य करूनही माझे म्हणणे असे आहे की एक भाग रक्तातला आहे आणि तो वळूच्या निवडीतून बदलता येतो. हा धागा त्यासाठी काढत आहे.

या विषयावरील सर्वांत खोल अभ्यास मांसासाठी गोपालन करणाऱ्या देशांत झाला आहे. तेथे गाईचे दूध वासरूच पिते. मालकाला मिळते ते केवळ वासरू. त्यामुळे गाय वेळेवर गाभण राहिली नाही तर वर्षाचे सगळे उत्पन्नच बुडते, आणि प्रजननक्षमतेकडे तेथे दुर्लक्ष करणे परवडत नाही. आपल्या राज्यात गोहत्या १९७६ च्या कायद्याने आणि बैल-वळूंची कत्तल २०१५ च्या दुरुस्तीने बंद आहे, त्यामुळे त्यांचा उद्देश आपला नाही. परंतु गाय माजाला केव्हा येते आणि वळूचे वीर्य कितपत फळते, याचे शास्त्र उद्देशाप्रमाणे बदलत नाही.

शिवाय हा अभ्यास आपल्याला परका नाही. अमेरिकेतील ‘ब्राह्मण’ नावाचा मांसल गोवंश भारतीय जनावरांपासूनच तयार झाला. तेथील नोंदींनुसार १८५४ ते १९२६ या काळात ३०० पेक्षाही कमी भारतीय जनावरे तिकडे पोहोचली आणि त्यांत बहुतेक वळूच होते. कांकरेज, ओंगोल आणि गीर यांच्या जोडीने त्या वंशाच्या घडणीत ज्या गोवंशाचे नाव घेतले जाते तो म्हणजे आपला कृष्णाकाठचा गोवंश. कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा खोऱ्यांतील काळ्या, चिकट जमिनीत ओढीला टिकणारा बैल हवा म्हणून १८८० च्या सुमारास दक्षिणेतील संस्थानिकांनी, त्यांत सांगलीचे पटवर्धनही होते, तो गीर, ओंगोल, कांकरेज आणि म्हैसूरकडील जनावरांच्या संकरातून घडवला. ज्या गोवंशाचे रक्त टेक्सासच्या कुरणांपर्यंत पोहोचले, त्याच्या शुद्ध गाई आज कृष्णाकाठीच शोधाव्या लागतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

याच ब्राह्मण जातीच्या गाई ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातील उष्ण कुरणांवर पाळल्या जातात. तेथील संशोधकांनी हजारो कालवडींची ठरावीक काळाने सोनोग्राफी केली आणि बीजकोशावर पहिला पीतपिंड (बीज सुटल्यावर त्या जागी तयार होणारी पिवळसर गाठ) कधी दिसतो, म्हणजे कालवड खऱ्या अर्थाने वयात कधी येते, हे नोंदवले. या वयातील फरकाचा जवळपास निम्मा भाग आनुवंशिक असल्याचे त्यांना आढळले. वासरू पाजत असताना गाय पुन्हा माजाला येण्यास किती काळ घेते, याबाबतही ब्राह्मण गाईंत असेच चित्र दिसले. वशिंड असलेल्या, उन्हात चरणाऱ्या आणि उशिरा वयात येणाऱ्या गाईंवरचा हा निष्कर्ष आपल्या खिलारसाठी निदान विचारात घेण्याजोगा आहे. जाणकारांनी आपली मते सविस्तर मांडावीत, ही विनंती.

माणगंगा (आटपाडी, जि. सांगली)

विषय महत्त्वाचा आहे, परंतु आमच्या भागातून पाहिले तर तो वेगळा दिसतो. आटपाडी तालुक्यात पाऊस हुकला की कडब्याची पेंढी विकत घ्यावी लागते आणि काही वर्षे तर जनावरे चारा छावणीत काढावी लागली आहेत. ज्या गाईच्या बरगड्या मोजता येतात तिने माज दाखवावा ही अपेक्षाच चुकीची आहे. तिचे शरीर आधी स्वतःला जगवते, मग वासराला, आणि उरले तर पुढच्या गर्भाला. अशा गाईच्या वेतातील अंतरावरून तिच्या रक्ताविषयी निर्णय देणे मला पटत नाही.

तरीही एक गोष्ट सांगतो, कारण मला तिचे उत्तर हवे आहे. आमच्या दावणीला दोन खिलार गाई शेजारी शेजारी बांधलेल्या आहेत. दोघींना एकाच गंजीतला कडबा, एकच सरकी पेंड आणि एकाच हौदातले पाणी मिळते. त्यांतील एक गाय वासरू तीन महिन्यांचे होते न होते तोच हंबरू लागते, तिचा सोट (माजात येणारा चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ तारेने लोंबतो आणि ती बहुधा पहिल्याच वेळी गाभण राहते. दुसरी गाय वासराचे दूध पूर्ण तुटल्याशिवाय माजाचे नावच घेत नाही. दोघींची अंगलट सारखीच आहे. हा फरक चाऱ्याचा असू शकत नाही. मग तो रक्ताचा मानावा का, आणि मानला तर पहिलीचा खोंड पैदाशीला ठेवावा का?

पशुवैद्य (शिरवळ, जि. सातारा)

माणगंगा, आपण एकाच दावणीच्या दोन गाईंची तुलना केलीत ही योग्य पद्धत आहे. एकाच चाऱ्यावरच्या, एकाच वयाच्या आणि एकाच ऋतूत व्यालेल्या गाईंमध्ये जो फरक उरतो, त्यातच आनुवंशिक भाग शोधायचा असतो. मात्र दोन गाईंवरून खात्री देता येत नाही. दुसऱ्या गाईला मागील वेतात वार अडकल्याचा किंवा गर्भाशयात पू झाल्याचा इतिहास असेल, तर तिचा उशीर त्या आजाराचा परिणाम असू शकतो. तो आधी तपासून घ्यावा.

आता शास्त्राकडे वळतो. दोन वेतांतील अंतर किंवा गर्भधारणेचे प्रमाण यांची आनुवंशिकता बहुतेक अभ्यासांत ०.१० च्या आतबाहेरच मिळते. म्हणजे कळपातील गाईगाईंमध्ये जो फरक दिसतो त्यातील सुमारे दहावा हिस्सा आईबापांकडून आलेला, बाकीचा चारा, हवामान, माज ओळखण्यातील हयगय आणि रेतनाच्या वेळेचा. याउलट वासराच्या वाढीची आनुवंशिकता ०.३० ते ०.४० च्या घरात असते. त्यामुळे अनेक वर्षे असा समज होता की प्रजननक्षमता निवडीने सुधारतच नाही. कृष्णातीर यांनी सांगितलेल्या ऑस्ट्रेलियातील कामाचे मोल येथे आहे. वेतातील अंतर हा आकडा माणसाच्या चुकांनी गढूळ झालेला असतो: माज आला पण कोणी पाहिला नाही, पाहिला पण वळू मिळाला नाही, रेतन झाले पण उशिरा झाले. बीजकोशावरील पीतपिंड मात्र शरीराने काय केले तेवढेच सांगतो. मोजमाप नेमके झाले, की लपलेली आनुवंशिकता दिसू लागते.

आपल्याकडे प्रत्येक कालवडीची दरमहा सोनोग्राफी होणे शक्य नाही. परंतु वळूच्या बाबतीत एक साधे मोजमाप उपलब्ध आहे, ते म्हणजे अंडकोषाचा घेर. त्याची आनुवंशिकता ०.४० ते ०.५० इतकी चांगली असते. ज्या वळूंच्या वृषणांची वाढ लवकर आणि भरपूर होते, त्यांच्या बहिणी आणि मुली लवकर वयात येण्याकडे कल असतो, हे मांसल गोवंशांवरील अभ्यासांत १९७० च्या दशकापासून वारंवार दिसून आले आहे. वृषणांची आणि बीजकोशांची वाढ मेंदूच्या तळाशी असलेल्या त्याच ग्रंथीच्या संप्रेरकांवर चालते, त्यामुळे यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

मोजण्याची पद्धत अशी आहे. वळूला खोड्यात घ्यावे, मागच्या बाजूने उभे राहून एका हाताने अंडकोषाच्या मानेजवळ हलकेच धरून दोन्ही वृषणे खाली समपातळीत आणावीत आणि जेथे घेर सर्वांत मोठा तेथे टेप गुंडाळावा. टेप त्वचेला टेकला पाहिजे, रुतता कामा नये. अंगठा दोन वृषणांच्या मध्ये घालू नये, त्याने घेर फसवा वाढतो. थंडीच्या पहाटे अंडकोष आक्रसलेला असतो, म्हणून ऊन वर आल्यावर मोजावे. त्याच वेळी दोन्ही वृषणे सारखी आहेत का, दाबल्यावर घट्ट पण लवचीक लागतात का, एखाद्या जागी गाठ किंवा दुखरेपणा आहे का, हेही हाताला कळते.

अमेरिकेतील पशुप्रजनन तज्ज्ञांच्या संघटनेने वळूच्या तपासणीसाठी किमान निकष ठरवले आहेत: १५ महिन्यांपर्यंतच्या वळूचा घेर ३० सेंटिमीटर, दोन वर्षांपुढील वळूचा ३४ सेंटिमीटर, पुढे सरळ पोहणारे शुक्राणू किमान ३० टक्के आणि सुघटित शुक्राणू किमान ७० टक्के. हे आकडे मुख्यतः वशिंड नसलेल्या, लवकर वयात येणाऱ्या जातींवरून आलेले आहेत. खिलार खोंडाला ते जसेच्या तसे लावून तो बाद ठरवणे अन्यायाचे होईल. आपण एकाच वयाच्या, एकाच भागातल्या खिलार खोंडांचे घेर एकमेकांशी ताडून पाहावेत आणि तळाचे खोंड पैदाशीतून वगळावेत, एवढे पुरेसे आहे.

खटावकर (पुसेगाव, जि. सातारा)

डॉक्टरांच्या माहितीबद्दल आभार. परंतु धाग्याच्या सुरुवातीला शर्यतीच्या नावावर वळू निवडण्याविषयी जो नाराजीचा सूर आहे, त्याबद्दल दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या, तेव्हा खिलार खोंडाला गिऱ्हाईक उरले नव्हते. ट्रॅक्टर आल्यापासून ओढीचे काम गेलेच होते, त्यात शर्यत गेली, आणि गाई विकून अनेकांनी संकरित जनावरे बांधली. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ च्या घटनापीठाच्या निकालाने ती कायम झाली, त्यानंतर सेवागिरी महाराजांच्या यात्रेत आदत (अजून दुधाचे दात असलेल्या) आणि दुसा (दोन पक्के दात आलेल्या) खोंडांना पुन्हा भाव आला. आज साताऱ्यात जो खिलार शिल्लक आहे तो ज्यांनी टिकवला, त्यांत शर्यतशौकीन शेतकऱ्याचा वाटा सर्वांत मोठा आहे.

एक अडचण मात्र मान्य करतो. आमच्या भागात पळणाऱ्या खोंडाला गाय दाखवत नाहीत. त्याने ताकद उतरते असा समज आहे. त्यामुळे उमेदीच्या वर्षांत तो पैदाशीला मिळत नाही, आणि ज्याचे नाव झाले त्या एकाच वळूकडे मग पंचक्रोशीतल्या गाई ट्रकमधून येतात.

कृष्णातीर (वाळवा, जि. सांगली)

खटावकर, आपले म्हणणे पूर्ण मान्य आहे. शर्यतीने खिलार जगवला, आणि माझा आक्षेप शर्यतीला नाही. काळजी वाटते ती आपण शेवटी लिहिलेल्या गोष्टीची, म्हणजे एकाच वळूकडे सगळ्या गाई येण्याची.

हिशोब करून पाहावा. एखाद्या भागात १००० गाई आहेत आणि त्यांना केवळ ५ वळू वापरले जातात. अशा वेळी पैदाशीच्या दृष्टीने तो कळप १००५ जनावरांचा राहत नाही. वळू आणि गाई यांच्या संख्यांचा गुणाकार चौपट करून त्याला दोहोंच्या बेरजेने भागले, की परिणामकारक संख्या, म्हणजे रक्ताच्या विविधतेच्या दृष्टीने कळपाचा खरा आकार, मिळतो. ही संख्या येथे केवळ २० येते. वळू ५ ऐवजी २० वापरले, तर त्याच १००० गाईंमध्ये ती ७८ वर जाते. अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातील पैदास, पहिल्या स्थितीत दर पिढीला सुमारे अडीच टक्क्यांनी वाढते, तर दुसऱ्या स्थितीत ०.६ टक्क्यांच्या आसपास. जागतिक अन्न व कृषी संघटना परिणामकारक संख्या ५० च्या खाली जाऊ देऊ नये असे सांगते. गाई कितीही वाढवल्या तरी वळूंची कमतरता भरून निघत नाही.

अंतःप्रजननाचा पहिला घाव प्रजननावरच बसतो. वाढ किंवा रंग यांवर तो उशिरा दिसतो. पण कालवड उशिरा वयात येणे, गर्भ लवकर जिरणे, वासरू अशक्त जन्मणे, वळूचे वीर्य पातळ असणे ही लक्षणे आधी येतात. बापाचीच मुलगी त्याला दाखवली तर होणाऱ्या वासराचा अंतःप्रजनन गुणांक २५ टक्के असतो, आणि सावत्र भावंडांच्या संबंधात १२.५ टक्के. गावात एकच वळू पाच-सहा वर्षे राहिला, तर हे घडल्यावाचून राहत नाही, कारण त्याच्या पहिल्या वर्षीच्या कालवडी तोवर त्याच्याकडेच येऊ लागतात. शेतकऱ्याला ती केवळ ‘उलटणारी कालवड’, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येणारी कालवड, वाटते.

एकाच गुणामागे सगळे लागल्यास काय होते, हे मांसल गोवंशात फार स्पष्टपणे दिसले आहे. बेल्जियन ब्लू या जातीत स्नायूंची अतिवाढ करणारा दोष निवडीने जवळपास सर्व जनावरांत पक्का केला गेला. तो मायोस्टॅटिन नावाच्या जनुकातील आहे हे १९९७ मध्ये उलगडले. जनावर मांसाने भरले, पण वासरू गाईच्या कमरेतून बाहेर पडेना. आज त्या जातीतील बहुतेक वासरे पोट फाडूनच काढावी लागतात. आपण वेगामागे किंवा दुधामागे इतके दूर गेलेलो नाही, आणि म्हणूनच आता बोलणे उपयोगाचे आहे.

जतची माहेरवाशीण (मिरज, जि. सांगली)

मी संकरित होल्स्टीन गाई सांभाळते, त्यामुळे माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण विषय तोच आहे. आमच्या जुन्या गाई, ज्या स्थानिक गाईला परदेशी वीर्य देऊन पहिल्या पिढीत झाल्या होत्या, त्या एका-दोन कांड्यांतच (कृत्रिम रेतनाच्या वीर्यमात्रांत) गाभण राहायच्या. त्यांच्या मुलींना आणि नातींना पुन्हा पुन्हा त्याच परदेशी जातीचे रेतन होत गेले, दूध वाढले, पण आता एकेक गाय तीन-चार वेळा उलटते. चाऱ्यात काही कमी केलेले नाही. खनिज मिश्रणही नियमित देते. हे रक्ताचे प्रमाण वाढल्यामुळे होते का? दुसरे असे की मागच्या वर्षी एका गाईला जुळे झाले, एक खोंड आणि एक कालवड. कालवड अंगाने छान भरली आहे. ती ठेवावी का?

पशुवैद्य (शिरवळ, जि. सातारा)

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण त्यावर आपला चारा खर्च होत आहे. खोंडाबरोबर जुळी जन्मलेली कालवड शंभरांत नव्वदांहून अधिक वेळा वांझ निघते. गर्भाशयात दोन्ही वारांच्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात आणि खोंडाच्या संप्रेरकांमुळे कालवडीची जननेंद्रिये नीट घडत नाहीत. हा दोष आनुवंशिक नाही, त्यामुळे आईला दोष देऊ नये. पशुवैद्यकाकडून तिच्या योनिमार्गाची लांबी तपासून घ्यावी. अशा कालवडीत तो फार आखूड असतो. शंका उरली तर रक्ताच्या नमुन्यावरून गुणसूत्रांची तपासणी करता येते.

पहिल्या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र आलेल्या आहेत. एक म्हणजे संकरओज, म्हणजे संकरित संततीत दिसणारा जादा जोम. दोन दूरच्या जातींच्या पहिल्या पिढीत तो पूर्ण मिळतो, आणि ज्या गुणांची आनुवंशिकता कमी असते, म्हणजे प्रजनन आणि दीर्घायुष्य, त्यांनाच त्याचा सर्वाधिक लाभ होतो. पुढे एकाच जातीकडे परत परत जात राहिले, की तो दर पिढीला निम्म्याने घटतो. मांसल गोवंश पाळणाऱ्यांनी हे ओळखून ब्राह्मणचे रक्त ठरावीक प्रमाणातच स्थिर केले. टेक्सासमधील सांता गर्ट्रुडिस या जातीत ते तीन अष्टमांश आणि शॉर्टहॉर्नचे पाच अष्टमांश आहे. आपण मात्र कुठे थांबायचे हे न ठरवताच कांड्या भरत गेलो. सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात ८० टक्क्यांहून अधिक परदेशी रक्ताची गाय दूध देते ते शरीर झिजवून, आणि मग माज मुका होतो, म्हणजे बाहेरून दिसत नाही.

दुसरी गोष्ट अदृश्य आहे. अमेरिकेत १९६२ मध्ये जन्मलेला चीफ नावाचा होल्स्टीन वळू दुधासाठी इतका गाजला की जगभरच्या होल्स्टीन गाईंत त्याचे रक्त पसरले. अनेक दशकांनंतर कळले की त्याच्याकडे एका जनुकाची सदोष प्रत होती. एक प्रत असलेले जनावर निरोगी असते. परंतु गाय आणि वळू दोघेही ती प्रत बाळगत असतील, तर सरासरी चारांपैकी एक गर्भ पोटातच मरतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार या एका दोषामुळे जगभरात पाच लाखांहून अधिक गर्भ गेले. गोठ्यात यातले बहुधा काहीच दिसत नाही; फक्त गाय नेहमीपेक्षा उशिरा पुन्हा माजावर येते. २१ दिवसांनी नेमकी उलटणारी गाय आणि ३५-४० दिवसांनी उलटणारी गाय यांची वहीत वेगळी नोंद ठेवावी, कारण पहिलीत बहुधा गर्भधारणाच झालेली नसते आणि दुसरीत झालेला गर्भ गेलेला असण्याची शक्यता असते. कांडीवरील वळूचा क्रमांकही त्याच ओळीत लिहावा.

रेतनाची वेळ तपासणेही विसरू नये. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा नियम आजही खरा आहे. खिलारसारख्या वशिंडाच्या गाईत माज थोडा वेळ टिकतो आणि बऱ्याचदा रात्रीच येऊन जातो.

माणगंगा (आटपाडी, जि. सांगली)

हे सर्व वाचून एक सूचना करावीशी वाटते. खरसुंडीच्या यात्रेत खोंड विकायला आणताना मालक त्याची पळण्याची कीर्ती सांगतो. त्याबरोबर त्याच्या आईच्या वेतांची नोंद सांगण्याचीही पद्धत आपण सुरू करावी. आता बहुतेक जनावरांच्या कानात १२ अंकी क्रमांकाचा बिल्ला आहे. त्या क्रमांकावर रेतन, गाभण तपासणी आणि वेताची तारीख नोंदवली गेली, तर खोंडाच्या आईचा इतिहास कोणालाही पाहता येईल. आमच्याकडील काही जणांनी असेही ठरवले आहे की वळू एका गावात तीन वर्षांहून अधिक ठेवायचा नाही. शेजारच्या तालुक्यातील वळूशी अदलाबदल करायची. तीन वर्षांत त्याच्या कालवडी माजावर यायच्या आतच तो हललेला असेल. खटाव-माणकडील कोणी यात सहभागी होणार असेल तर कळवावे.

डॉक्टर, आमच्या पहिल्या गाईचा खोंड आता अठरा महिन्यांचा आहे. त्याचा घेर आताच मोजावा का? गेल्या महिन्यात त्याला चांगलाच ताप येऊन गेला आहे.

पशुवैद्य (शिरवळ, जि. सातारा)

घेर आताच मोजावा आणि तारखेसह लिहून ठेवावा, मग दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजावा. एका आकड्यापेक्षा वाढीचा वेग अधिक सांगतो. वीर्य मात्र इतक्यात तपासू नये. वळूच्या शरीरात शुक्राणू तयार होण्यास सुमारे ६१ दिवस लागतात आणि त्यानंतर ते पक्व होऊन बाहेर येण्यास आणखी आठवडा-दीड आठवडा जातो. तापात बिघडलेले शुक्राणू त्यामुळे दोन-अडीच महिने दिसत राहतात. तापाच्या तारखेपासून तीन महिने सोडून नमुना घ्यावा. तोवर त्याला गाय दाखवली आणि ती उलटली, तर त्यावरून खोंड बाद ठरवू नये.

खटावकर (पुसेगाव, जि. सातारा)

अदलाबदलीसाठी आमच्याकडे दोन कोसा खिलार वळू आहेत. दोघांच्या आया वेगळ्या आहेत आणि त्यांच्या वेतांच्या तारखा घरातल्या वहीत मिळतील. पोळा झाला की डॉक्टरांच्या पद्धतीने मोजमाप करून आकडे येथेच देतो. माणगंगा यांनी त्यांच्या खोंडाचा घेर आणि त्याच्या बापाचे गाव कळवावे, म्हणजे दोन्हीकडचे रक्त कोठे जुळते का, हे आधी पाहून घेता येईल.